बाबांचा निकॉन सोडू का?

वडोदऱ्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय चौतीस. रावपुऱ्यात वडिलांचा फोटो स्टुडिओ आहे, फिल्मच्या काळापासूनचा, आणि आता तो त्या चालवतात. लग्नं, मुंजी, बारशी, डोहाळजेवणं आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानावरचं काम. वडिलांनी आयुष्यभर निकॉन वापरला, हाताखाली शिकायला आलेल्या पोरांनाही तोच लावला. आज बाईंकडे निकॉनच्याच डी७५० या डिजिटल कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, २४-७० आणि ७०-२०० या एएफ-एस झूम लेन्स आणि वडिलांची जुनी ८५ एमएम एफ/१.४ एएफ-डी आहे. स्टुडिओचं नाव झालं ते या लेन्सवर काढलेल्या पोर्ट्रेट्समुळे. हल्ली लग्नाची निम्मी कामं एका व्हिडिओवाल्या टीमकडून येतात. टीम सोनीवर आहे आणि 'बेन, तुम्हीपण सोनीवर या, कलर मॅच करताना जीव जातो' असा त्यांचा वर्षभर लकडा आहे. वडील म्हणतात, "कंपनी बदलणारा चांगला फोटोग्राफर मी पाहिलेला नाही." बाई विचारतात: मी निकॉनला धरून बसले आहे ते कामासाठी की बाबांसाठी? इतके फोटोग्राफर एकाच कंपनीला का चिकटून राहतात, त्यात शहाणपण असतं की नुसती सवय? आणि सोनी घेतलाच तर बाबांना कसं सांगू?

नमस्कार.

एका बाजूला निकॉनमध्ये राहणं आणि दुसऱ्या बाजूला सोनीकडे जाणं, असे दोन पर्याय तुम्ही मांडले आहेत. त्यातला पहिला तुम्हाला वाटतो तसा आता उरलेला नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

निकॉनने १९५९ साली 'निकॉन एफ' आणला तेव्हा लेन्स अडकवायचं जे माउंट ठरवलं, तेच पुढे डिजिटल एसएलआरपर्यंत, म्हणजे तुमच्या डी७५० सारख्या आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांपर्यंत चालवलं. बाबांचा भरवसा बसला तो यावर, आणि तो रास्त होता. फिल्मच्या जमान्यात घेतलेली लेन्स डिजिटल बॉडीवर बसत होती, घातलेला पैसा बुडत नव्हता. मग २०१८ मध्ये निकॉनने मिररलेस कॅमेऱ्यांसाठी झेड माउंट आणलं. आरसाच काढून टाकल्यावर लेन्स सेन्सरच्या खूप जवळ आणता येते. एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, झेडमध्ये १६ आहे. त्यामुळे जुनी लेन्स नव्या बॉडीवर थेट बसत नाही, मध्ये एफटीझेड नावाचा ॲडॅप्टर लागतो. तुमच्या दोन्ही झूम लेन्सच्या आत फोकसची मोटर आहे, म्हणून त्या या ॲडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालतील. बाबांच्या ८५ मध्ये मोटर नाही. तिचा फोकस डी७५० च्या पोटातली मोटर एका बारीक स्क्रूने फिरवते, आणि एफटीझेडमध्ये निकॉनने ती मोटर दिलेलीच नाही. उद्या तुम्ही अगदी निष्ठेने निकॉनचाच नवा झेड घेतलात, तरी एफटीझेडवर बाबांची लेन्स तुम्हाला हातानेच फोकस करावी लागेल.

म्हणजे आज ना उद्या घर दोन्हीकडे बदलायचं आहे. फरक एवढाच, की एकीकडे जुनं सामान बरंचसं बरोबर नेता येतं आणि दुसरीकडे जवळजवळ सगळं विकून जावं लागतं. हा हिशोबाचा फरक आहे. निष्ठेचा प्रश्न त्यात मला दिसत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, फोटोग्राफर चिकटून का राहतात. बहुतेकांचा पहिला कॅमेरा त्यांनी निवडलेला नसतोच. कुणाच्या काकांनी मस्कतहून आणलेला असतो, कुणी ज्याच्या हाताखाली शिकला त्याच्याकडचा असतो, कुणाला दुकानात त्या दिवशी जो शिल्लक होता तो मिळालेला असतो. पहिली बॉडी योगायोगाने येते. दुसरी मात्र पहिलीमुळे येते, कारण तोवर घरात दोन लेन्स, एक फ्लॅश आणि चार बॅटऱ्या झालेल्या असतात.

हे पूर्वी असं नव्हतं, निदान या तऱ्हेने नव्हतं. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्याच वडोदऱ्यात राहत होत्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि पुढच्या जानेवारीत त्या इथेच गेल्या. त्यांनी स्पीड ग्राफिक वापरला आणि रोलायफ्लेक्सही. एक अमेरिकन, एक जर्मन. रोलायफ्लेक्सची लेन्स बॉडीला कायमची जोडलेली, आणि स्पीड ग्राफिकच्या पुढच्या फळीवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या लेन्स लागायच्या. असा कॅमेरा बदलला तर एक कॅमेरा बदलला, बाकी संसार जागच्या जागी. लेन्स सुटी झाली आणि प्रत्येक कंपनीने आपलं माउंट वेगळं केलं, तेव्हापासून फोटोग्राफर एका घराचा झाला. तेव्हा चिकटून राहण्यात शहाणपण आहे का, तर आहे. लेन्स बॉडीपेक्षा जास्त टिकतात आणि त्यांतच जास्त पैसा अडकलेला असतो. तो सांभाळणं ही काही आंधळी भक्ती नव्हे.

दुसरं कारण हाताचं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा शोधताना जे होतं तेच परक्या कॅमेऱ्यावर होतं, फक्त इथे कढई थांबत नाही. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, आणि ऑटोफोकस नवरीचा चेहरा सोडून मध्येच उडालेल्या तांदळावर जाऊन बसतो. त्या वेळी फोकस पॉइंट हलवायला तुमचा अंगठा न विचारता जातो. नव्या कॅमेऱ्यावर तो चुकीच्या बटणावर जाईल, आणि मंगलाष्टकं पुन्हा म्हणायला गुरुजी काही तयार होणार नाहीत. निकॉनची लेन्स लावताना फिरवायची दिशासुद्धा सोनी आणि कॅननच्या उलट आहे. धावपळीत लेन्स बदलताना हे किती नडतं ते सांगायला नको. हा तोटा खरा आहे, पण तात्पुरता आहे. सरावाने तो जातो आणि सरावाला लागणारा वेळ मोजता येतो.

तिसरं कारण गोतावळ्याचं. रावपुऱ्यातला, दांडिया बाजारातला एखादा ओळखीचा निकॉनवाला 'जरा ७०-२०० दे रे शनिवारपुरती' म्हटल्यावर देतो. जुना कारागीर निकॉन उघडून पाहतो आणि दहा मिनिटांत सांगतो काय झालंय ते. ही देवाणघेवाण कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त माणसं धरून ठेवते. तुमच्या बाबतीत मजा अशी झाली आहे, की बाबांचा गोतावळा निकॉनचा आणि तुमचा हळूहळू सोनीचा होत चाललाय. तुमची ओढाताण बरीचशी यातून आली असावी.

आणि चौथं कारण निव्वळ मनाचं. कानेमन, नेच आणि थेलर या तीन संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेले काही प्रयोग आहेत. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, निम्म्यांना नाही, आणि मग खरेदीविक्री करायला सांगितलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी मागितलेली किंमत, ज्यांच्या हातात नव्हता त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त होती. काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगाची ही गत, तर बाबांच्या लेन्सचं काय होणार! त्यात कंपनी गळ्यात पिवळ्या अक्षरांचा पट्टा घालते आणि आपण तिची जाहिरात फुकट मिरवतो. याच पट्ट्यांवरून चांगली चाळिशीतली माणसं एकमेकांशी बोलायची थांबलेली मी पाहिली आहेत.

कंपन्या मात्र एवढ्या हळव्या नसतात. कॅननने १९८७ मध्ये ईओएस मालिका आणली तेव्हा जुनं एफडी माउंट सरळ टाकून दिलं. लोकांच्या कपाटातल्या एफडी लेन्स नव्या बॉडीवर बसेनात, आणि ते चिडले. पण नवं माउंट मोठं होतं, लेन्स आणि बॉडीमधला सगळा व्यवहार विजेवर चालत होता आणि मोटर लेन्समध्येच होती. पुढच्या दशकात खेळांचे फोटो काढणारे कितीतरी व्यावसायिक निकॉन सोडून कॅननकडे गेले, मैदानाच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या लेन्सची रांग लागली. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला आणि तो सोनीने घेतला. मिनोल्टाला जन्मभर धरून राहिलेल्यांनी कोणाकडे दाद मागायची होती?

बाबांच्या त्या वाक्याबद्दलही बोलू. त्यांचा अनुभव मी खोडून काढत नाही, पण निकॉनचं नाव जगात झालं तेच मुळी कुणीतरी बदल केला म्हणून. १९५० साली 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन जपानमध्ये होते. तिथे त्यांनी निकॉनच्या निक्कोर लेन्स पाहिल्या, आवडल्या, म्हणून स्वतःच्या जर्मन लायका कॅमेऱ्यावर चढवल्या, आणि कोरियाच्या युद्धाचे फोटो त्यांवर काढले. तोवर पाश्चात्य वृत्तछायाचित्रकारांचा जीव जर्मन लेन्सवर होता. आणखी एक गंमत सांगते, बाबांना आवडेल: १९३६ च्या सुमारास बाजारात आलेल्या पहिल्या कॅनन कॅमेऱ्यावरची लेन्सही निक्कोर होती, आजच्या निकॉनची. आणि निकॉनच्या बऱ्याच डिजिटल बॉडींमधले सेन्सर सोनीच्या कारखान्यातले आहेत. आपण पट्ट्याकडे बघून भांडतो, आत सगळ्यांची सोयरीक झालेली असते.

आता करायचं काय?

कुठल्याही कंपनीचं नाव घेण्याआधी गेल्या हंगामातले टाकून दिलेले फोटो उघडून बसा. चार लग्नं आणि गरब्याच्या दोन रात्री पुरेत. कुठला फोटो फोकस हुकला म्हणून गेला, कुठला डोळे मिटले म्हणून, कुठला तुम्ही उशिरा पोचलात म्हणून, ते वेगळं करा. नवा कॅमेरा यातलं पहिलंच दुखणं बरं करतो. डी७५० चे ५१ फोकस पॉइंट चौकटीच्या मधल्या भागात दाटलेले आहेत. मिररलेसमध्ये ते जवळजवळ कडेपर्यंत जातात आणि कॅमेरा डोळा ओळखून धरून ठेवतो. गोल फिरणाऱ्या गरब्यात याचा मोठा उपयोग आहे. पण हा फायदा मिररलेसचा आहे, एकट्या सोनीचा नाही. निकॉनच्या झेडमध्ये तो आहे, कॅननच्या मिररलेस आर मालिकेतही आहे. टीमवाले तुम्हाला जे दाखवून भुलवतात त्यातलं निम्मं या खात्यात जाईल असा माझा अंदाज आहे.

मग कागदावर सगळं सामान लिहा. बॉडी, लेन्स, फ्लॅश, ट्रिगर, कार्ड, बॅटऱ्या, चार्जर. समोर घेतलेली किंमत लिहू नका. आज कुणी रोख किती देईल ते लिहा, तेही दोन दुकानदारांकडून विचारून. आकडा बघून वाईट वाटेल, वाटू द्या. गोडॉक्ससारखे कॅमेऱ्यावर बसणारे फ्लॅश प्रत्येक कंपनीसाठी वेगळे येतात हे लोक हमखास विसरतात. स्टँडवरच्या लाइटला नुसता ट्रिगर बदलून भागतं. निकॉनच्या झेड६ मालिकेत तुमच्या डी७५० च्या बॅटऱ्यासुद्धा चालतात, फक्त एका चार्जवर फोटो कमी निघतात. सोनीत त्या शून्य.

त्यानंतर भाड्याने आणून पाहा. एकदा झेड, एकदा सोनी. लग्नाला मुळीच नको. हळदीला, संगीताला, किंवा घरातल्याच एखाद्या बारशाला. सायलेंट शटर लावून एलईडी दिव्यांखाली जरूर पाहा, कारण फोटोत आडवे पट्टे येतात ते तिथेच. ते गिऱ्हाइकाच्या अल्बममध्ये दिसण्यापेक्षा आपल्या लॅपटॉपवर दिसलेले बरे. उत्तरायण तर यासाठी फुकटचं मैदान आहे. गच्चीवर उभं राहून पतंग धरणारा ऑटोफोकस लग्नात निराश करत नाही.

खरेदी करायची तर वेळ साधा. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, पण मध्ये नवरात्र येतं आणि तुमची मोठी कमाई त्यात आहे. म्हणून श्रावणाच्या आत नाहीतर सरळ डिसेंबरच्या मध्यानंतर, कमूरता, म्हणजे मुहूर्त नसलेला धनुर्मास, लागल्यावर. नवा कॅमेरा हातात आला की महिनाभर रोज घरात चालवा, बटणं आपल्या सवयीला जुळवून घ्या. पहिल्या दोन-तीन लग्नांत मुख्य क्षण जुन्या बॉडीवरच काढा. दोन्ही एकदम गळ्यात घालून मात्र फिरू नका, बोटं गोंधळतात. एक गळ्यात, एक बॅगेत.

माझं मत विचाराल तर आज, तुमच्या या सामानावर, मी झेडकडे झुकेन. एक झेड बॉडी आणि एफटीझेड घेतला की दोन्ही झूम लेन्स कामावर राहतात, एक डी७५० विकता येतो आणि दुसरा बाबांच्या ८५ साठी राहतो. खर्च टप्प्याटप्प्याने होतो. सोनी तेव्हाच, जेव्हा त्या टीमचं काम पुढची काही वर्षं टिकेल याची तुम्हाला खात्री असेल आणि लेन्सची अदलाबदल खरोखर रोजच्या रोज होणार असेल. ज्या वाचकांकडे कॅनन आहे त्यांनाही हाच विचार लागू आहे: ईओएसच्या जुन्या ईएफ लेन्स कॅननच्याच ॲडॅप्टरवर आर मालिकेत ऑटोफोकससकट चालतात. आणि जे मुलांचे वाढदिवस आणि सहलींचेच फोटो काढतात त्यांनी जुना कॅमेरा बिनधास्त वापरत राहावा. तुमच्यावर कुणी व्हिडिओवाला लकडा लावत नाहीये.

राहिले बाबा. त्यांना निर्णय सांगू नका, मदत मागा, पण खोटी नको. तुम्हाला खरोखर मदत लागणार आहे. भाड्याचा कॅमेरा घरी आला की त्यांच्या हातात द्या आणि त्वचेचा रंग कसा येतोय ते बघायला सांगा. इतकी वर्षं प्रिंट तपासलेल्या डोळ्यांना हळद लागलेल्या सावळ्या चेहऱ्यावरची हिरवट झाक तुमच्या आधी दिसेल. ते कंपनीवर बोलतील, बोलू द्या. मला वाटतं त्यांचा राग कॅमेऱ्यावर कमी आहे आणि आपल्याला न विचारता स्टुडिओ पुढे निघून जाईल या भीतीवर जास्त. पण हा माझा तर्क आहे, तुम्ही त्यांना माझ्याहून जास्त ओळखता. एक पथ्य पाळा: ८५ विकण्याची गोष्ट चेष्टेतसुद्धा काढू नका. स्टुडिओतल्या पोर्ट्रेटसाठी ती आणि एक डी७५० कायम ठेवलेत तर धंद्याच्या दृष्टीनेही ते वेडेपणाचं नाही. समोर माणूस स्वस्थ बसलेला असताना वेगवान ऑटोफोकसची कुणाला गरज असते?

शेवटी त्या टीमबद्दल. कलर मॅचचं कारण मला पुरतं पटलेलं नाही. अल्बम वेगळा छापला जातो, फिल्मचे रंग वेगळे बसवले जातात. दोघांनी व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर ठेवला, लाइट लागल्यावर ग्रे कार्डाचा एकेक फोटो घेतला आणि तुम्ही रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेली मूळ फाइल काढलीत, तर रंग पुष्कळ जवळ येतात. मला शंका आहे की अडीअडचणीला तुमची बॉडी आणि लेन्स त्यांना दुसरा व्हिडिओ कॅमेरा म्हणून हव्या आहेत. त्यात वावगं काही नाही, पण मग ते वेगळं काम झालं आणि त्याचे वेगळे पैसे झाले. त्यांना स्पष्ट विचारा: मी एवढा खर्च करून सोनीवर आले, तर येत्या हंगामातली किती लग्नं तुम्ही आजच बयाणा देऊन पक्की करता? उत्तर आकड्यात आलं तर तो आकडा वरच्या कागदावर लिहा. 'बेन, काम तो आवशेज' एवढंच आलं तर कागद घडी घालून ठेवा आणि नवरात्राच्या तयारीला लागा.